घरच्या घरी लाकडी कयाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणजवळ माझ्या माहेरच्या घराच्या खळ्यात, मांडवाखाली, मी आजवर दोन लाकडी कयाक बांधल्या. दुसरी पाण्यात उतरल्यापासून प्रश्न सुरू झाले ते थांबलेले नाहीत. पुण्यातून, ठाण्यातून, नाशिकहून लोक विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहिते आहे. यातला मोठा भाग हवामानाबद्दल आहे. कयाक बांधायची माहिती बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली आहे. ती बरोबरच आहे, पण पस्तीस अंशांत आणि दमट हवेत तीच कृती जशीच्या तशी केली की हमखास बिघडते. माझीही बिघडली होती.

कयाक म्हणजे नक्की काय? आपल्या होडीपेक्षा वेगळी कशी?

आपली होडी वरून उघडी असते. कयाक वरून झाकलेली असते, मधे फक्त बसण्यापुरतं तोंड. पाय पुढे लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावीउजवीकडे आलटूनपालटून मारायचं. ही मूळची ग्रीनलंड, उत्तर कॅनडा आणि अलास्काकडच्या इनुइट आणि त्यांच्या शेजारच्या लोकांची, शिकारीसाठी बांधलेली नाव. तिकडे झाडं जवळपास नाहीत, त्यामुळे समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं शिवून ताणायचं.

मला या परंपरेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मापं. ग्रीनलंडमध्ये कयाक ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने होते: लांबी साधारण तीन वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर), रुंदी म्हणजे कमरेची रुंदी आणि दोन मुठी, बैठकीपाशी खोली एक मूठ आणि ताठ आंगठा. वाव, हात, मूठ, वीत ही मापं आपल्या कोकणातल्या होडीवाल्यांच्याही तोंडात आहेत, त्यामुळे आमच्या शेजारच्या आबांना (त्यांनी आयुष्यभर उलांडीच्या, म्हणजे तोलासाठी बाजूला ओंडका जोडलेल्या, होड्या बांधल्या) हे समजावून सांगावं लागलं नाही. ऐकून त्यांनी आधी माझ्या कमरेकडे आणि मग प्लायवुडकडे पाहिलं, आणि आराखड्यापेक्षा दोन बोटं जास्त सोड म्हणाले. सोडली, ते बरं झालं.

मी सुतार नाही. मला जमेल का?

जमेल. सरळ रेषेत कापता येणं, मोजून मिसळता येणं आणि वाट बघता येणं, एवढं पुरतं. कपाट करताना काटकोन चुकला तर दार लागत नाही. कयाकमध्ये काटकोन जवळजवळ नसतातच. दोन मिलिमीटरची फट राहिली तर ती रेझिनच्या (घट्ट होऊन लाकूड चिकटवणाऱ्या रसायनाच्या) लगद्याने भरते आणि ती जागा कमजोरही होत नाही.

कोणत्या पद्धतीने बांधू?

घरी बांधायच्या तीन पद्धती आहेत. पहिली सांगाड्याची: लाकडाच्या रिपा, वाफवून वाकवलेल्या बरगड्या, दोऱ्याने बांधलेले सांधे आणि वर कातड्याऐवजी नायलॉनचं जाड कापड. नाव अतिशय हलकी होते, पण मापं घेणं आणि बरगड्या वाकवणं यात हात बसायला वेळ लागतो.

दुसरी पट्ट्यांची. सहा मिलिमीटर जाडीच्या, साधारण दोन सेंटिमीटर रुंदीच्या लाकडी पट्ट्या साच्यावर शेजारी शेजारी चिकटवत जायच्या, मग आतून-बाहेरून काचेचं कापड (काचेच्या धाग्यांचं, म्हणजे फायबरग्लास) आणि इपॉक्सी हे रेझिन. दिसायला हिच्यासारखी देखणी दुसरी नाही. लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा आणि दोन्ही अंगांनी फायबरग्लास ही युक्ती मोठ्या नौकांनाही चालते. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ अशीच लाकडी गाभ्याची आहे, आणि तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण पट्ट्यांच्या कयाकला दोनशे ते तीनशे तास लागतात आणि लांब, गाठी नसलेलं हलकं लाकूड आपल्याकडे सहजी मिळत नाही.

तिसरी शिवून चिकटवायची, आणि पहिल्या कयाकसाठी मी हीच सांगते. पातळ प्लायवुडच्या फळ्या आराखड्याप्रमाणे कापायच्या, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, आतून सांधा इपॉक्सीने भरायचा, तारा काढून टाकायच्या आणि वर काचेचं कापड चढवायचं. ब्रिटनमध्ये केन लिटलडाइक या शिक्षकाने ही पद्धत कयाकसाठी रुळवली. १९६३ मध्ये याच पद्धतीची ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी आली आणि तिच्या सत्तर हजारांच्या आसपास होड्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी लोकांनी घरी बांधलेल्या.

फळ्या शिवून नाव करणं आपल्याला मात्र नवीन नाही. पश्चिम किनाऱ्यावर काथ्याने शिवलेली जहाजं शतकानुशतकं चालली. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून घडवलेलं, काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज गोव्यातच बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी ते शिवलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. त्यात टाके कायमचे राहतात, आपल्या कयाकमध्ये ते आठवड्याभराचे पाहुणे असतात, हा फरक.

पुढची सगळी उत्तरं शिवून चिकटवायच्या पद्धतीची आहेत.

आराखडा कुठून आणायचा? स्वतः काढला तर?

पहिला तरी विकतच घ्या. अमेरिकेतल्या चेसापीक लाइट क्राफ्टसारख्या कंपन्या आणि निक शेडसारखे रचनाकार पूर्ण मापाचे कागदी आराखडे विकतात. दुकानदाराकडून छापून घेणार असाल तर छपाई झाल्यावर आराखड्यावरची मोजपट्टी स्टीलच्या पट्टीने तपासा. छापताना एक टक्का आकसला तर पावणेपाच मीटरच्या फळीवर जवळजवळ पाच सेंटिमीटर जातात.

नवशिक्यासाठी साडेचार ते पाच मीटर लांब आणि ५८ ते ६२ सेंटिमीटर रुंद कयाक बघा. पाच मीटरच्या वरच्या, अरुंद कयाक वेगाने जातात, पण वळायला जड आणि डोलायला हलक्या.

जागा किती लागते? फ्लॅटमध्ये होईल?

कयाकच्या लांबीहून दीड मीटर जास्त आणि रुंदी निदान अडीच मीटर, म्हणजे चहूबाजूंनी फिरता येईल अशी. वर छप्पर हवंच, कारण दव आणि ऊन दोन्ही नकोत. फ्लॅटमध्ये हॉल पुरेलही, पण घासकामाची धूळ घरात नको. सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा मिळाला तर उत्तम. सुरुवात करण्याआधी साडेपंधरा फुटांचा एक पीव्हीसी पाइप घ्या आणि तो त्या जागेतून रस्त्यापर्यंत नेऊन बघा. पाइप जिन्याच्या वळणावर अडला तर कयाकही अडेल.

प्लायवुड कोणतं? नेहमीचं चालेल का?

नेहमीचं फर्निचरचं प्लाय चालणार नाही. मरीन प्लाय हवं आणि त्यावर ‘आयएस ७१०’ हा भारतीय मानकाचा शिक्का हवा. ‘बीडब्ल्यूआर’ किंवा ‘वॉटरप्रूफ’ एवढं लिहिलेलं प्लाय स्वयंपाकघरातल्या कपाटासाठी असतं. आयएस ७१० च्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत अशी त्याची कसोटी आहे. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी मोठ्या पातेल्यात निदान चार-पाच तास उकळा. मग तो उन्हात वाळवा, परत उकळा. थर सुटले, फुगले, पापुद्रा आला तर ते दुकान सोडा. मी तीन दुकानांचे तुकडे उकळले, त्यांतला एक दुसऱ्या उकळीत पुस्तकासारखा उघडला. शिक्का तिन्हींवर होता.

मग आतले थर बघा. कड ताज्या करवतीने कापून उजेडात धरा. मधल्या थरात पोकळी दिसली तर पुढे नेमकी तिथेच फळी वाकवताना तडकते. जाडी ४ मिलिमीटर. ती प्रत्येक दुकानात नसते, मागवून घ्यावी लागते. ‘६ घ्या ना, मजबूत होईल’ असं हमखास ऐकवतील. घेऊ नका, नाळेपाशी (नावेच्या पुढच्या टोकाशी) ती वळणार नाही आणि वजन उगाच वाढेल.

आता वजनाचं. आपल्याकडचं चांगलं मरीन प्लाय बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाचं असतं. परदेशी आराखडे ओकूमे या हलक्या आफ्रिकी लाकडाच्या प्लायवर बेतलेले असतात. आठ बाय चारची ४ मिलिमीटरची एक शीट गर्जनची घेतली तर आठ किलोंच्या आसपास भरते, ओकूमेची साडेपाचच्या आत. माझी पहिली कयाक गर्जनची, २७ किलो. दुसरी मुंबईतून मागवलेल्या ओकूमेची, २० किलो. पाण्यात दोन्ही छान चालतात, पण गाडीच्या टपावर एकटीने चढवताना ते सात किलो फार मोठे वाटतात. साधारण तीन शीट लागतात, चौथी जवळ असू द्या.

बाकी लाकूड कोणतं वापरायचं?

काठाच्या आतून जाणाऱ्या रिपा, बैठकीची कड, पडद्यांच्या (नावेच्या आत कप्पे पाडणाऱ्या आडव्या फळ्यांच्या) पट्ट्या एवढंच. शिवण या झाडाचं लाकूड सगळ्यात चांगलं, हलकं आणि सहसा पिळत नाही. आयात पाइनही चालतं, गाठी टाळून घ्या. सागाचा मोह सगळ्यांना होतो. साग टिकाऊ आहेच, पण जड आहे आणि त्यात तेल असतं, त्यामुळे इपॉक्सी नीट धरत नाही. वापरायचाच असेल तर चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने दोनदा पुसून घ्या.

गाडीच्या बंपरवाल्याकडे मिळतं ते फायबरचं रेझिन स्वस्त आहे. ते वापरू का?

नको. ते पॉलिएस्टर. फायबरच्या टाकीला ते ठीक आहे, पण लाकडाला ते मनापासून धरत नाही. दोनेक वर्षांत पापुद्र्यासारखं सुटतं, मधे पाणी शिरतं आणि लाकूड आतून कुजतं. लाकडासाठी इपॉक्सीच, आणि तेही पातळ, काचेचं कापड भिजवायला योग्य असं. फरशीवर ओततात ते किंवा टेबलावर ओतायचं जाड थराचं इपॉक्सी नको.

कापड घेतानाही तसंच. दुकानात ‘मॅट’ नावाने चटईसारखा विस्कटलेल्या धाग्यांचा प्रकार मिळतो. त्यातले धागे ज्या डिंकाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि कापड ताठ राहतं. आपल्याला विणलेलं कापड हवं, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं. नीट भिजलं की ते काचेसारखं पारदर्शक होतं, खालचं लाकूड जसंच्या तसं दिसतं.

रेझिन मिसळताना धूर आला, नंतर प्लॅस्टिकचा मगच वितळला. काय चुकलं?

एकदम जास्त मिसळलंत. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःची उष्णता तयार करतं. मगात साठून राहिलं की ती उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे आणखी वेगाने घट्ट होतं, आणखी तापतं. वर आपली हवा. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांना पंचवीस मिनिटं लिहिली असतील तर एप्रिलच्या दुपारी बारा-तेरा धरा.

म्हणून: मंद हार्डनरच (रेझिनमध्ये मिसळून ते घट्ट करणारा दुसरा घटक) घ्या. एका वेळी दीडशे ग्रॅमच्या वर मिसळू नका. मिसळलं की लगेच उथळ ताटलीत पसरा. मी मिठाईच्या खोक्याला आतून प्लॅस्टिक लावते. प्रमाण डब्यावर जे असेल तेच, घाईला आला म्हणून हार्डनर जास्त घालायचा नाही. पॉलिएस्टरला थोडं कमीजास्त चालतं, इपॉक्सीला नाही, ते कायमचं चिकट राहतं. आणि डब्यावरचं प्रमाण मापाने आहे की वजनाने, हे आधी वाचा. रेझिन आणि हार्डनर यांची घनता वेगळी असल्याने दोन्ही प्रमाणं एकच नसतात. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो.

कोणत्या महिन्यात सुरू करू? दिवसातल्या कोणत्या वेळी काम करू?

हा प्रश्न मला कमी जण विचारतात आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

दिवाळीनंतर सुरू करा आणि शिमग्याच्या आत इपॉक्सीचं काम संपवा. पावसाळ्यात कापाकापी करा, वल्हं तासा, पण इपॉक्सी उघडू नका. दमट हवेत ते घट्ट होताना वर मेणासारखा चिकट थर येतो. डोळ्यांना तो दिसेलच असं नाही, बोट फिरवलं की लागतो. त्यावर पुढचा हात दिला तर धरत नाही. हा थर घासून जात नाही, उलट पॉलिश पेपर भरून टाकतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून आधी साधं पाणी आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर घेऊन धुवा, पुसा, वाळू द्या आणि मगच घासा. कोकणात हिवाळ्यातही मी दर थरानंतर न चुकता धुते.

आता दिवसाची वेळ. पहिल्या कयाकच्या तळाला कापड चढवलं ते मी सकाळी साडेआठला. गार हवा, निवांत वेळ, म्हटलं दिवस हाताशी आहे. दहापर्यंत तळ आरशासारखा झाला होता. अकराला ऊन मांडवाच्या झापांतून आत आलं आणि तळावर मोहरीएवढे बुडबुडे उठायला लागले, शेकडो. एक दाबला की दुसरा. लाकडात हवा असते. लाकूड तापलं की ती फुगते आणि ओल्या रेझिनमधून बाहेर येते. दुपारपर्यंत रेझिन घट्ट झालं आणि बुडबुडे तसेच राहिले. मग ते घासून काढण्यात चार दिवस गेले. काही ठिकाणी कापडही घासलं गेलं, तिथे ठिगळं लावावी लागली.

आबा संध्याकाळी येऊन बघून गेले. त्यांनी इपॉक्सी कधी हाताळलं नव्हतं, पण रंगकाम आयुष्यभर केलेलं. ‘घाय कित्याक करतस गो? उन उतराक लागला काय हात लाव,’ एवढंच म्हणाले. कारण अगदी तेच आहे: तापमान उतरत असताना लाकूड हवा आत ओढतं, आणि सोबत रेझिनही आत ओढलं जातं. तेव्हापासून मी कापड आणि पहिला हात दुपारी चारच्या पुढेच देते. लाकूड दिवसभर सावलीत तापलेलं असतं, हवा उतरायला लागलेली असते. दव पडायच्या आत रेझिन हाताला न चिकटण्याइतपत झालं पाहिजे, आणि रात्री वर ताडपत्री हवी, कयाकला न टेकणारी. घाटावर, पुण्याकडे दव कमी पण डिसेंबरच्या रात्री बऱ्याच गार, तिथे तीनला सुरू करा.

हत्यारं कोणती लागतील?

जिगसॉ, ड्रिल, चांगली धार लावलेला छोटा रंधा, गोल फिरणारा सँडर, पटाशी, पक्कड आणि जितके मिळतील तितके शिकंजे. शिकंजे कधीच पुरत नाहीत. जाड पीव्हीसी पाइपाचे दोन इंचांचे तुकडे करून एका बाजूला चिरले की काठाच्या रिपा धरायला फुकटचे चाप होतात, मी साठ केले होते.

आठ फुटांच्या शीटमधून पंधरा फुटांची फळी कशी करायची?

दोन तुकड्यांच्या कडा उतरत्या तासायच्या आणि एकमेकींवर चिकटवायच्या. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे ४ मिलिमीटरला ३२ मिलिमीटर. सगळे तुकडे पायऱ्यांसारखे एकावर एक, प्रत्येक ३२ मिलिमीटर मागे, असे रचून शिकंज्याने आवळा आणि रंधा सगळ्यांवरून एकदमच चालवा. तासता तासता प्लायच्या थरांच्या गडद-फिक्या पट्ट्या दिसायला लागतात. पट्ट्या सरळ आणि समांतर असतील तर उतार बरोबर, वाकड्या दिसल्या तर जिथे पट्टी रुंद आहे तिथे उतार जास्त पसरला आहे. माप घ्यायची गरजच पडत नाही. चिकटवताना खाली-वर प्लॅस्टिक घाला, नाहीतर टेबलही कयाकचा भाग होईल.

शिवायचं कसं?

कडेपासून ८ ते १० मिलिमीटर आत, दर दहा-बारा सेंटिमीटरवर दोन मिलिमीटरचं भोक. तार तांब्याची, १८ गेजची. मोटर वायंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. आधी तळाच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या एकीवर एक ठेवून मधल्या कडेला सैल शिवा, मग पुस्तक उघडा. बाजूच्या फळ्या मधल्यापासून टोकांकडे शिवत जा. प्रत्येक तार बाहेरून पिळायची, पण सैल. एक तार पूर्ण आवळून पुढे गेलात तर नाव पिळवटते.

सगळे टाके सैल असताना खळ्यात लाकडाची एक डगमगती घडी पडलेली असते, तिला नाव म्हणायला मन धजत नाही. मग आडवे पडदे बसवले आणि पक्कड घेऊन एक फेरी मारली, प्रत्येक तारेला अर्धा पीळ. दुसऱ्या फेरीत पाव. तिसऱ्या फेरीत नाळेकडच्या शेवटच्या चार तारा आवळताना प्लाय कुरकुरलं, दोन्ही बाजूच्या फळ्या एकमेकींकडे झुकल्या आणि काठाची रेषा एका दमात टोकापर्यंत उचलली गेली. त्या क्षणी मी पक्कड खाली ठेवली आणि बराच वेळ नुसती बघत बसले.

चिकटवण्याआधी पीळ तपासा. पुढच्या आणि मागच्या टोकांजवळ आडव्या सरळ पट्ट्या ठेवा आणि एका टोकाला बसून एका डोळ्याने दोन्ही पट्ट्या बघा. त्या समांतर दिसल्या पाहिजेत. इथे आळस केला तर कयाक जन्मभर एका बाजूला ओढत राहते आणि नंतर काही करता येत नाही.

मग तारांच्या मधल्या जागी आतून रेझिनचे छोटे टिपके, दुसऱ्या दिवशी तारा काढायच्या. अडकलेल्या तारेला सोल्डरिंगची सळई लावून तापवलं की सुटते. सांधा भरायचा लगदा म्हणजे रेझिनमध्ये बारीक लाकूडपीठ, चक्क्याइतकं घट्ट. चमचा उलटा केला तर पडता कामा नये. तो सांध्यात गोलसर भरून वर साडेसात सेंटिमीटर रुंदीची काचेच्या कापडाची पट्टी, लगदा ओला असतानाच.

खर्च किती आणि वेळ किती?

दुसऱ्या कयाकला माझे पंचावन्न हजारांच्या आसपास गेले, हत्यारं सोडून. त्यात प्लायपेक्षा इपॉक्सी, कापड आणि वार्निश यांचाच वाटा मोठा. इपॉक्सी हार्डनर धरून दहा किलो लागलं. वेळ साधारण १२० तास, शनिवार-रविवार धरून अडीच महिने. निम्म्याहून जास्त वेळ घासण्यात जातो. तो आधीच मनात धरा.

इपॉक्सीचा त्रास होतो का?

होऊ शकतो, आणि एकदा ॲलर्जी सुरू झाली की सहसा परत जात नाही. नायट्राइलचे हातमोजे दरवेळी नवे. अंगावर लागलं तर थिनर, ॲसिटोन किंवा व्हिनेगरने पुसू नका, साबण-पाण्याने धुवा. व्हिनेगर हत्यारांसाठी ठेवा. चार-पाच दिवसांत घट्ट झालेल्यासारखं दिसणारं इपॉक्सी आतून अजून पूर्ण झालेलं नसतं, त्याची धूळ सगळ्यात वाईट. एन ९५ मास्क लावा, लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका.

रंग कोणता? वार्निश लावलंच पाहिजे का?

लावलंच पाहिजे. इपॉक्सीला ऊन सहन होत नाही, पिवळं पडतं आणि भुकटी होते. अतिनील किरण अडवणारं मरीन वार्निश, निदान चार हात. तळाला रंग द्यायचा असेल तर पांढरा किंवा फिका. घरी लावायचं इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हात काळा किंवा गडद निळा तळ तेवढा सहज तापतो. फळ्यांचे सांधे मग वार्निशमधून उमटून दिसतात.

उलटली तर बुडेल का?

पुढे-मागे बंद कप्पे केले असतील तर बुडत नाही. पाणी फक्त बैठकीत भरतं. दोन्ही आडव्या पडद्यांना मात्र एक-दीड मिलिमीटरचं भोक ठेवा. कयाक उन्हात टपावर असली की कप्प्यातली हवा फुगते, आणि वाट मिळाली नाही तर सांधा उकलते किंवा झाकण उडवते. भोकातून येणारं पाणी चमचाभरही नसतं.

उलटल्यावर बाहेर पडायचा सराव कमरेएवढ्या पाण्यात, कुणीतरी शेजारी उभं असताना, दहादा करा. पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट न घालणारे बरेच बघितले. तो कप्प्यात ठेवण्याचा ऐवज नाही, अंगात घालायचा आहे.

कुठे चालवू? परवानगी लागते का?

धरणाच्या पाण्यावर जलसंपदा विभागाची आणि किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाची हद्द असते. जागेप्रमाणे नियम वेगळे, तेव्हा तिथल्या कार्यालयात आणि पोलिसांकडे आधी विचारा. पिण्याच्या पाण्याच्या धरणात बहुधा नाही म्हणतात. स्थानिक मच्छीमारांनाही विचारा, जाळी कुठे लावली आहेत ते तेच सांगतील. चिपळूणची वाशिष्ठी, सांगलीकडची कृष्णा, गोव्यातला कुंभारजुवेचा कालवा इथे मगरी आहेत. सुरुवात अशा पाण्यात करू नका.

खाडीत उतरणार असाल तर तिथी बघून उतरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटी. शिकायला भांगाचे दिवस चांगले, पाण्याला ओढ कमी असते. मुंबईच्या आसपास जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. जायचं ओहोटीने आणि यायचं भरतीने असं बेतलं की येताना दमलेले हात वाचतात. समुद्रात जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत जायचंच नाही.

वल्हं विकत घेऊ की करू?

करा. पहिला पावसाळा त्याच्यासाठीच ठेवा. ग्रीनलंडचं अरुंद पात्याचं वल्हं एका सरळ, गाठी नसलेल्या पाइनच्या दांड्यातून रंध्याने आणि कानशीने तासता येतं. लांबी तुमची एक वाव आणि एक हात. पातं मुठीत मावेल एवढंच रुंद. तासून झाल्यावर नुसतं जवसाचं तेल द्या, वार्निशने हाताला फोड येतात.

देखभाल काय करायची?

खाऱ्या पाण्यातून आली की गोड्या पाण्याने धुवायची, झाकणं उघडी ठेवून सावलीत वाळवायची. जमिनीवर ठेवायची नाही. वाळवी प्लायच्या मागे लागते आणि कड उघडी असेल तिथून आत शिरते. दोन लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) रुंद पट्टे बांधून त्यावर ठेवा, पट्टे पडद्यांच्या खाली येतील असे.

पाण्यात कातळावर घासली तर चरा बघा. चरा पांढरा दिसत असेल तर फक्त वार्निश किंवा कापड गेलं आहे. लाकूड काळपट दिसायला लागलं असेल तर पाणी आत पोचलं. मग तेवढी जागा लाकडापर्यंत घासायची, कोरड्या दिवसांत आठ-दहा दिवस उघडी ठेवून पूर्ण वाळू द्यायची आणि मग कापडाचं ठिगळ, दुपारी चारनंतर. माझ्या पहिल्या कयाकच्या तळाला अशी सात ठिगळं आहेत. त्यांतली चार बुडबुड्यांच्या दिवसाची, तीन देवबागच्या कातळाची.